एक्केचाळीस नंबरची डबी

मुलुंडमध्ये संध्याकाळ आमच्यापेक्षा लवकर होते. आमच्या चारकोपला सूर्य खाडीकडे, तिवरांच्या मागे उतरतो आणि उतरल्यावरही आभाळ बराच वेळ लाल राहतं. मुलुंडला पश्चिमेला डोंगर उभा आहे. थंडीच्या दिवसांत पाच वाजायच्या आधीच सूर्य त्याच्या मागे जातो. वर आभाळ निळंच असतं, आणि खाली रस्त्यावर मात्र सावली पसरलेली असते. दोन दिवस मी ते पाहिलं आणि दोन्ही दिवस मला वाटलं की कुणीतरी हळूच दिवा बारीक केला.

चारकोपहून मुलुंडला गाडीने दीड तास लागतो. लोक रोज जातात-येतात. पण मी त्रेपन्न वर्षांची आहे आणि हायवे ओलांडून पलीकडे चार-पाच वेळाच गेले असेन, तेही कुणाच्या लग्नाला नाहीतर मैताला. आमच्या गावठाणातलं कुणी मी गेले तसल्या ठिकाणी गेलेलं नाही. सगळ्या बायकांनी विचारलं, “सिसिल, काय पाहिलंस गं?” मी म्हटलं, “डब्या.” त्या हसल्या. मला बोलून सांगता येत नाही. म्हणून लिहून ठेवते.

निघताना

मी चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये गुप्ते साहेबांच्या गाळ्यात काम करते. आम्ही हेडफोनचे अँप बनवतो. म्हणजे तळहातावर मावेल एवढी अ‍ॅल्युमिनियमची डबी. तिच्या एका टोकाला मोबाइल जोडायचा, दुसऱ्या टोकाला हेडफोन. मोठे चांगले हेडफोन मोबाइलच्या ताकदीवर नीट वाजत नाहीत, त्यांना ही डबी जोर देते. आत छोटा पीसीबी, म्हणजे सर्किटची पट्टी, आणि बॅटरी असते. सगळं सोल्डरिंग, म्हणजे कथील वितळवून जोड देणं, आम्ही हाताने करतो.

गाळ्यात एक नियम आहे. जिने सोल्डर मारलं तिने ती डबी ऐकायची नाही. दुसरीने ऐकायची. दहा मिनिटं हेडफोन लावून, गाणं न लावता, नुसतं ऐकायचं. गुणगुण, चरचर, काही असलं तर परत खोलायची. नसलं तर झाकणाच्या आत चिठ्ठी चिकटवायची: कुणी बनवली, कुणी ऐकली. अठरा वर्षं सुमन बनवायची आणि मी ऐकायची, नाहीतर मी बनवायची आणि सुमन ऐकायची. सुमन माझ्या डाव्या हाताला बसायची. गेल्या वर्षी ती वारली.

मुलुंडला दर थंडीत हेडफोनच्या शौकीन लोकांचा मेळावा भरतो. लोक आपापल्या डब्या घेऊन येतात आणि एकमेकींशी ताडून बघतात. या वेळी साहेब म्हणाले, “सिसिल, तू चल. कुणाची वायर तुटते, कुणाची पिन हलते. कोपऱ्यात टेबल लावू, तू सोल्डरिंगचं आयर्न घेऊन बस.”

“साहेब, मला तिथे बोलता नाही येणार.”

“तुला बोलायला कोण सांगतंय? सोल्डर मार.”

मी फुगे, म्हणजे आमचे आंबवलेल्या पिठाचे गोळे, तळून घेतले, बाटलीतल्या मसाल्याची सुक्या बोंबलाची चटणी डब्यात भरली आणि शनिवारी सकाळी साहेबांच्या गाडीत बसले. पवईचा तलाव मी पहिल्यांदा नीट पाहिला. पाण्यावर धुकं होतं आणि पलीकडच्या उंच इमारतींचे फक्त वरचे मजले दिसत होते, खाली काहीच नाही.

शनिवार, हॉल

मेळावा एका जुन्या शाळेच्या वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये होता. मला वाटलं होतं, गाण्याबजावण्याचे लोक, म्हणजे कलकलाट असणार. जिना चढून दार उघडलं आणि मी उंबऱ्यावरच थांबले.

आत तीस माणसं होती आणि आवाज अजिबात नव्हता.

सगळे टेबलांपाशी बसलेले, कानांवर मोठाले काळे हेडफोन, डोळे मिटलेले. एकाचं बोट टेबलावर ताल धरत होतं. शेजारच्याचं बोटही ताल धरत होतं, पण वेगळा. एक बाई ओठ हलवत होती. एका जाड्या माणसाच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि त्याने ते पुसलं नाही. मधेच कुणीतरी खुदकन हसलं. कशाला, ते फक्त त्यालाच माहीत. आमच्याकडे घरात मैत असलं तर लोक चारही बाजूंनी बसतात, पण मोठ्याने रोझरी म्हणतात, कुणी रडतं, कुणी चहा विचारतं. मेलेल्याभोवतीसुद्धा आम्ही आवाज ठेवतो. ही जिवंत माणसं अशी बसलेली बघून माझ्या अंगावर काटा आला.

“या या! चारकोपची फॅक्टरी आली!” असं हळू आवाजात म्हणत एक माणूस पुढे आला. हे केतनभाई, घाटकोपरचे. मेळावा तेच भरवतात. गुजराती आहेत, पण मराठी आपल्यासारखंच बोलतात. “ताई, तुमच्याच हातच्या डब्या ना? झकास काम आहे, बॉस. बसा, आधी ऐका.”

मी नको म्हणेपर्यंत त्यांनी माझ्या कानांवर हेडफोन चढवले. काही ऐकू येईना. मी म्हटलं, “आवाज येत नाहीये.” कान झाकलेले असल्यामुळे ते मी किती जोरात ओरडले हे मला कळलं नाही. तीसच्या तीस लोकांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. जमीन दुभंगावी असं वाटलं. केतनभाईंनी पिन नीट खोचली आणि म्हणाले, “आता?” त्यानंतर संध्याकाळपर्यंत मी तोंड उघडलं नाही.

ताडून बघण्याची त्यांची रीत अशी. पाच डब्या एका रांगेत ठेवतात, वर काळं कापड टाकतात, फक्त वायरी बाहेर. कुठली कुणाची हे ऐकणाऱ्याला माहीत नसतं. आधी मीटर लावून पाचही डब्यांचा आवाज अगदी सारखा करतात, कारण एक जरा मोठ्याने वाजली तर कान फसतो, तीच चांगली वाटते. मग एकेक जण बसतो आणि कागदावर लिहितो. एका डबीत तंबोरा जवळ बसल्यासारखा वाजतो, एकीत भिंतीपलीकडून. एक डबी प्रत्येक आवाजाला धार लावते, एक सगळ्यावर पातळ दुलई घालते. मलासुद्धा कळलं. गाणं तेच, बाई तीच, पण एकीत ती तरुण होती आणि एकीत थकलेली.

“पण ताई, खरी परीक्षा गाण्यात नाही,” केतनभाई म्हणाले. “गाणं सुरू व्हायच्या आधी जी शांतता असते ना, ती ऐकायची. चांगल्या डबीत ती एकदम काळी असते.”

दुपारी लिमये काका आले. पंचाहत्तरीचे असतील. पांढरा बुशशर्ट, वरच्या खिशात काहीतरी जड, त्यामुळे शर्ट एका बाजूला ओढलेला. त्यांनी खिशातून डबी काढून केतनभाईंच्या हातात दिली. “ही पण कापडाखाली ठेवा. माझी आहे हे कुणाला सांगू नका.”

चौथ्या जागी ठेवली. लोक ऐकत गेले. प्रत्येक जण उठला की काका त्याच्याजवळ जायचे. “चार नंबरमध्ये... गाण्याच्या आधी... काही ऐकू आलं?”

“काही नाही काका. एकदम काळंकुट्ट. मस्त मशीन आहे.”

“नीट ऐकलंत ना?”

“अहो, सगळ्यात स्वच्छ तीच आहे!”

आठ-दहा जणांनी तिचं कौतुक केलं. प्रत्येक कौतुकाला काका थोडे थोडे वाकत गेले. शेवटी माझ्या टेबलाजवळची खुर्ची रिकामी होती तिच्यात येऊन बसले. डबी त्यांच्या हातात होती. ते ती उलटी करत होते, सुलटी करत होते. उलटी केली तेव्हा खालचा नंबर मी वाचला. एक्केचाळीस.

“तुम्ही बनवता का या?” त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

“यात कुणी...” ते थांबले. “हसू नका हं. घरी ही लावली की गाणं सुरू व्हायच्या आधी कुणीतरी श्वास घेतं. डाव्या बाजूला. माणूस बोलायच्या आधी घेतो ना, तसा. बायको जाऊन दोन वर्षं झाली माझी. सुधा. ती डाव्या बाजूला बसायची.” त्यांनी डबी टेबलावर ठेवली. “मुलाला सांगितलं, तर तो घाबरला. उद्या संध्याकाळी येतोय. नितीन. पुण्याला नेणार, तिथे डॉक्टरला दाखवणार, घाटकोपरचं घर बंद करणार. मी म्हटलं, आधी दुसऱ्या कुणाला ऐकू येतं का बघू. एकाला जरी आलं तरी मी जाणार नाही. कुणालाच नाही आलं, तर मग तो म्हणतो ते खरं. माझंच डोकं फिरलंय.”

मला तेव्हाच बोलायला हवं होतं.

नव्या मॉडेलची एक्केचाळीस नंबरची डबी ही सुमनची शेवटची. तेव्हा तिचे हात थरथरायला लागले होते, आणि ते तिने साहेबांपासून लपवलं होतं, माझ्यापासून नाही. त्या दिवशी तिने सोल्डर मारलं, झाकण माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाली, “सिसिल, ही तू ऐकू नकोस गं. चिठ्ठी टाक नुसती.”

“का गं?”

“ऐकशील आणि परत खोलशील. माझी शेवटची परत खोललेली मला नको.”

मी चिठ्ठीवर लिहिलं: बनवली सुमन, ऐकली सिसिल. दहा मिनिटं सोडा, दहा सेकंदही ऐकली नव्हती. आमच्या गाळ्यात ही एकच खोटी चिठ्ठी.

काका माझ्याकडे बघत होते. मी आयर्नचं टोक पुसत राहिले. ते म्हणाले, “डबी इथेच ठेवतो. उद्या जे नवीन येतील त्यांनाही ऐकवा.” आणि उठून गेले. खिसा रिकामा झाला होता तरी शर्ट त्या बाजूला ओढलेलाच राहिला होता.

शनिवार, शुभाताईंचं घर

राहायला साहेबांच्या बहिणीकडे होतो, डोंगराच्या अगदी पायथ्याच्या सोसायटीत. शुभाताईंनी आल्याबरोबर सगळ्या खिडक्या लावून घेतल्या. सहासुद्धा वाजले नव्हते.

“माकडं?” मी विचारलं.

“माकडं दिवसा. आता बिबट्याची वेळ. गेल्या आठवड्यात खालच्या बाकाशेजारून गेला, आमच्या वॉचमनने नुसता शेपटीचा शेंडा पाहिला. अगं, इतकं घाबरतेस काय, तो वर नाही येत!”

आमच्याकडे दारं उघडी असतात. कुणीही येतं, पातेल्यात डोकावतं. इथे दार लावलं की लिफ्टचा आवाजसुद्धा आत येत नव्हता. मी पिशवी न उघडता बसले होते. लोकांच्या घरी आपल्या बोंबलाचा वास कशाला. पण शुभाताई माझ्यामागून दोनदा गेल्या आणि तिसऱ्यांदा थांबल्या. “सिसिल, पिशवीत काय आहे?”

मी पिशवी मागे सरकवली.

“बोंबील आहेत. मला फसवू नकोस, मी कायस्थाची मुलगी आहे.” त्यांनी डबा काढून घेतला, उभ्या उभ्याच चटणी फुग्याला लावून खाल्ली आणि डोळे मिटले. “आम्ही यात चिंच घालतो. हे काय आहे? हा कुठला मसाला?”

“बाटलीतला. आम्ही उन्हाळ्यात कुटून बाटल्यांत भरतो. वीस-पंचवीस जिन्नस असतात.”

“दादा, तू ही बाई अठरा वर्षं लपवून ठेवलीस!”

साहेब हसले. जेवताना त्यांनी लिमये काकांची गोष्ट काढली. “बायको गेल्यावर माणूस असा हलतो. डबी तर आपलीच आहे, चिठ्ठीवर सिसिलचं नाव आहे. हिने ऐकलेल्या डबीत श्वास काय, मुंगीसुद्धा सापडायची नाही.”

मी ताटात बघत राहिले. तेवढ्यात डोंगरावरून एक आवाज आला. कुत्र्याच्या भुंकण्यासारखा, पण एकच, आणि मग खूप वेळ काही नाही, मग पुन्हा एकच. खिडक्या बंद असूनही तो आत आला.

“भेकर, भुंकणारं हरीण,” शुभाताई म्हणाल्या. “त्याला बिबट्या दिसला की ते ओरडतं. आपल्याला दोघंही दिसत नाहीत.” आणि त्यांनी मला वरण वाढलं.

रविवार, सकाळ

मी पहाटेच उठून मुलुंडच्या चर्चमध्ये मासला गेले. मास इंग्रजीत होती. आमच्याकडे मराठीत असते. शब्द कळले नाहीत, पण कुठे उठायचं, कुठे गुडघे टेकायचे ते तेच. गुडघे टेकले तेव्हा माझ्या मनात प्रार्थना नव्हती. फक्त ती चिठ्ठी दिसत होती, माझ्या अक्षरातली.

तिथून मी सरळ हॉलवर गेले. केतनभाई खाली चहा पीत होते, त्यांनी किल्ली दिली. वर कुणी नव्हतं. एसी रात्रभर चालूच राहिला असावा, हॉल गारठलेला होता. रिकाम्या खुर्च्यांसमोर हेडफोन ठेवलेले, प्रत्येक दोन कानांच्या मधे डोक्याएवढी जागा. त्या सगळ्या रिकाम्या डोक्यांच्या मधून मी माझ्या टेबलापर्यंत गेले.

एक्केचाळीस काकांनी ठेवली होती तिथेच होती. हाताला बर्फासारखी लागली. मी हेडफोन लावले, डबी चालू केली, आणि जे तेव्हा करायला हवं होतं ते केलं. दहा मिनिटं ऐकलं.

काही नाही. काळंकुट्ट.

मला बरं वाटलं. खरंच सांगते, बरं वाटलं. सुमनचा हात शेवटपर्यंत चुकला नव्हता, आणि माझी चिठ्ठी उशिरा का होईना खरी ठरली. मी हेडफोन काढायला हात वर नेला आणि मग मला काकांचा शर्ट आठवला, एका बाजूला ओढलेला. आम्ही डब्या टेबलावर ठेवून ऐकतो. काल सगळ्यांनी टेबलावरच ठेवून ऐकली. काका ती खिशात ठेवून ऐकत होते. छातीवर.

सोल्डर कच्चं असलं, त्याला आम्ही ड्राय म्हणतो, तर ते गार असताना कधीकधी काहीच दाखवत नाही. ऊब लागली की सुटतं. मी डबी पदराआड घेतली, छातीशी घट्ट धरली आणि डोळे मिटून बसले.

किती वेळ गेला माहीत नाही. धातूचा गारवा गेला. मग डाव्या कानात कुणीतरी श्वास घेतला.

अगदी जवळ. हळू आत घेतला आणि हळू सोडला. मग पुन्हा. मी डोळे उघडले नाहीत, माझी हिंमतच झाली नाही. सोल्डर मारताना सुमन श्वास असाच घ्यायची, माझ्या डाव्या हाताला बसून, अठरा वर्षं. मी मनात म्हटलं, सुमन, तू आहेस का गं? आणि उत्तर ऐकायला मी माझा श्वास रोखला.

तिनेही रोखला.

मी थांबले, ती थांबली. माझ्याच्याने राहवेना, मी श्वास सोडला, आणि कानात तिने सोडला. मी हेडफोन ओढून टेबलावर टाकले. हॉलमध्ये कुणीच नव्हतं. नुसते ते रिकामे हेडफोन, सगळे माझ्याकडे तोंड करून.

मग हळूहळू कामाची अक्कल परत आली. छाती वर जाते, डबी दबते, सुटलेला जोड घासतो, हिस्स होतं. छाती खाली येते, पुन्हा हिस्स. आपलाच श्वास आपल्या कानात येतो. एवढंच. मला कळलं. तरी पुन्हा हेडफोन लावायला मला बराच वेळ लागला.

रविवार, दुपार

साहेब आले तेव्हा मी उभी राहिले. “साहेब, एक्केचाळीस मी ऐकली नव्हती.”

“काय?”

“सुमन म्हणाली ऐकू नकोस. मी नुसती सही केली. आत ड्राय आहे. काका बरोबर आहेत.”

साहेब खुर्चीवर बसले. रागावतील असं वाटलं होतं. ते फक्त म्हणाले, “सुमनचा हात थरथरायचा, ते तुला माहीत होतं?”

“हो.”

“मला कुणी सांगितलं नाही.” आणि चष्मा काढून पुसत बसले.

काका साडेबाराच्या सुमारास आले. त्यांनी विचारायच्या आधीच मी बोलले. एवढ्या लोकांत मी इतकं सरळ कधी बोलले नव्हते. “काका, आहे. मला पण ऐकू आलं.”

त्यांनी टेबलाची कड धरली. “श्वास?”

“श्वास. डाव्या बाजूला.”

“मी वेडा नाही म्हणजे.”

“नाही.”

मग मी त्यांना डबी खोलून दाखवली. भिंगातून डाव्या बाजूचा जोड दाखवला. पिनेभोवती केसाएवढी गोल चीर होती. सुमन अशी चीर कधी राहू द्यायची नाही. मी सगळं सांगितलं, ऊब, छाती, खिसा. सांगताना मला वाटत होतं की मी त्यांच्या हातातून काहीतरी काढून घेते आहे. शेवटी मी म्हटलं, “काका, तो तुमचाच श्वास आहे. तुम्ही थांबलात की तो थांबतो.”

“ठाऊक आहे मला,” काका म्हणाले. “मी दम धरला की तीही धरते. हे मी पहिल्याच आठवड्यात बघितलं. अहो, सुधा अठ्ठेचाळीस वर्षं तेच करायची. जिना चढताना मी थांबलो की ती थांबायची. का थांबलात म्हणून विचारायची नाही. मी निघालो की निघायची.”

केतनभाई मागे येऊन उभे होते. ते हातातल्या काळ्या कापडाची घडी घालायला लागले.

“चल सिसिल,” साहेब म्हणाले, “मार सोल्डर. दोन मिनिटांचं काम. आपल्याकडून अशी डबी बाहेर जात नाही.”

आयर्न तापलेलं होतं. मी हातात घेतलं. काका नको म्हणाले नाहीत. त्यांनी डबीवरचा हात बाजूला घेतला, डॉक्टरने सांगितल्यावर नातेवाईक घेतात तसा, आणि विचारलं, “तिला... म्हणजे, वेळ नाही ना लागणार?”

मी आयर्न स्टँडवर ठेवलं आणि बटण बंद केलं.

“सिसिल?” साहेब म्हणाले.

“साहेब, बॅटरीकडचे जोड मी बघितले, सगळे पक्के आहेत. धोका काही नाही. एक दिवस डावा कान बंद पडेल, एवढंच. तेव्हा काका आणतील. तेव्हा मारू.”

“अगं, बिघाड माहीत असून सोडायची? आणि चिठ्ठीचं काय?”

“नवीन लिहिते.”

मी लिहिलं: बनवली सुमन. ऐकली सिसिल. डाव्या बाजूचा जोड सुटा आहे, छातीशी धरल्यावर श्वासासारखा आवाज येतो. गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून तसाच ठेवला.

साहेबांनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाले, “दे इकडे पेन,” आणि खाली आपली सही केली. एक चिठ्ठी झाकणात चिकटवली. तशीच दुसरी लिहून मी काकांना दिली. त्यांनी घडी घालून ती पाकिटात ठेवली. “नितीनला दाखवायला. बिघाड डबीत आहे, माणसात नाही.”

रविवार, निघताना

मेळावा साडेचारला संपला. लोकांनी डब्या गुंडाळल्या, आपली डबी दुसऱ्याच्या डबीपेक्षा का चांगली यावर जिन्यात भांडले आणि पुढच्या थंडीचे वायदे केले. दोन दिवस मुके बसलेले लोक एवढं बोलू शकतात हे तेव्हा कळलं. डोंगराची सावली फाटकापर्यंत आली होती. साहेब गाडी आणायला गेले, मी सामान घेऊन पायरीवर उभी राहिले.

नितीन फाटकात उभा होता. चाळिशीचा, दमलेला, हातात गाडीची किल्ली. त्याने चिठ्ठी वाचली होती, ती अजून बोटांत होती.

“बाबा, मग दुरुस्त का नाही केली?”

“करू की. सावकाश.”

“सावकाश म्हणजे काय? बाबा, तुम्हाला कळतंय का, मी पुण्याहून...”

“तू ऐक आधी.”

“मला नाही ऐकायचं.”

काकांनी आपल्या खिशातून डबी काढली आणि नितीनच्या शर्टाच्या खिशात ठेवली, लहान मुलाच्या खिशात रुमाल ठेवावा तशी. दुपारपासून त्यांच्या छातीवर होती, ती चांगलीच ऊबदार असणार. मग पाय उंचावून त्यांनी मुलाच्या कानांवर हेडफोन बसवले. नितीनने एक हात वर केला, काढायला. पण काढले नाहीत.

मी त्याचा चेहरा बघत होते. आधी कंटाळा होता. मग कपाळावर आठी आली. मग त्याने मान डावीकडे वळवली, पटकन, कुणी हाक मारली असावी तशी. तिथे कुणी नव्हतं. त्याने किल्लीचा हात हळूच खाली आणला.

“नितीन,” काका म्हणाले, “चल, घरी जाऊ. घाटकोपरला. चहा घे आणि मग जा.”

नितीनने पंजा उभा धरला. थांबा. त्याला बापाचं ऐकू आलं होतं की नाही, माहीत नाही. त्याची छाती हलायची थांबली होती, ते मला पायरीवरून दिसत होतं. सावली त्याच्या बुटांवरून वर चढत होती आणि तो श्वास धरून उभा होता, पाण्याखाली गेलेल्या माणसासारखा. त्याचे डोळे भरत आले. मलाही माझा श्वास सोडता येईना.

काकांनी त्याच्या एका कानावरचा हेडफोन जरा बाजूला केला आणि हळू आवाजात म्हणाले, “सोड आता. तीही सोडेल.”